आधी मेकॅनिक, मग गाडी

चाकणच्या कारखान्यात फोक्सवॅगन पोलो तयार होणे २०२२ मध्ये थांबले. ‘लेजंड’ नावाच्या शेवटच्या ७०० गाड्या काढून कंपनीने बारा वर्षे चाललेल्या या मॉडेलला निरोप दिला. चाकणहून शिक्रापूरमार्गे पुढे गेले की लागणाऱ्या रांजणगावात फियाटची पुंटो बनायची. ती त्याआधीच बंद झाली होती. छोट्या पण तिखट हॅचबॅकची चटक आपल्याकडे ज्या गाड्यांनी लावली, त्यांतल्या या दोन ठळक गाड्या पुणे जिल्ह्यातल्याच, आणि दोन्ही आता फक्त सेकंडहँड बाजारात मिळतात.

त्यांचा मोह पडणे स्वाभाविक आहे. घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये मिळणारी ओढ, वळणावर न झुकणारी बॉडी, शंभरच्या वेगातही ठाम वाटणारे स्टिअरिंग हे सगळे नव्या साध्या हॅचबॅकच्या पैशांत किंवा त्याहूनही कमीत हाती येते. नीट पारखून घेतलेली अशी गाडी सोमवार ते शुक्रवार ऑफिसला न्यावी, शनिवारी ताम्हिणीला काढावी. दहा वर्षांची झाली तरी चालवणाऱ्याला ती कंटाळू देत नाही.

मात्र जुनी वॅगन-आर घेणे आणि जुनी टर्बो हॅचबॅक घेणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वॅगन-आर तालुक्याच्या गावातला कुठलाही मेकॅनिक खोलतो आणि तिचे पार्ट शेजारच्या दुकानात मिळतात. डबल क्लचचा गिअरबॉक्स किंवा डायरेक्ट इंजेक्शनचे टर्बो इंजिन हाताळणारी माणसे मोजकी आहेत. तेव्हा नेहमीचा क्रम इथे उलटा करावा. आधी आपल्या शहरात ते मॉडेल आतून-बाहेरून ओळखणारा मेकॅनिक शोधावा, त्याच्याशी बोलावे, आणि मगच जाहिराती चाळायला बसावे. असा माणूस पन्नास-साठ किलोमीटरच्या टप्प्यात सापडला नाही, तर ते मॉडेल आपल्यासाठी नाही असे समजून दुसऱ्याकडे वळावे.

बाजारात नेमके काय मिळते, हे समजण्यासाठी एक सरकारी नियम माहीत असावा लागतो. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा आखूड, आणि पेट्रोलचे इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेलचे १५०० सीसीपर्यंत असलेल्या गाड्यांवरचे अबकारी शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. तेव्हापासून आपल्याकडच्या वेगवान हॅचबॅकचे रूपच या चौकटीने ठरवले. इंजिन मोठे करता येत नाही, मग छोट्याच इंजिनाला टर्बो लावा, हा मार्ग बहुतेक कंपन्यांनी धरला. सवलतीवर पाणी सोडून १३६८ सीसीचे इंजिन आणणारी अबार्थ पुंटो त्यामुळेच वेगळी उठून दिसते.

ऑक्टोबर २०१५ मध्ये ती ९.९५ लाखांना आली तेव्हा १४५ अश्वशक्ती, २१२ न्यूटन-मीटर टॉर्क, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि पाच गिअरचा साधा मॅन्युअल बॉक्स असा तिचा थाट होता. चालवण्याच्या निखळ आनंदात तिच्या जवळपास जाणाऱ्या भारतीय हॅचबॅक फार थोड्या. पण फियाटने इथे प्रवासी गाड्यांचा व्यवसाय गुंडाळला आहे. दरवाजे, दिवे, सस्पेंशनचे बरेच भाग साध्या पुंटोशी मिळतेजुळते असल्याने निभावते; खास टी-जेट इंजिनाचे पार्ट मात्र शोधावे लागतात आणि वाट पाहावी लागते. घरात दुसरी गाडी असेल तरच अबार्थ घ्यावी. एकुलती एक गाडी म्हणून ती घेणाऱ्याची एखाद्या सेन्सरपायी तीन आठवडे रिक्षाने फिरण्याची तयारी हवी.

मारुतीची बलेनो आरएस याच्या दुसऱ्या टोकाला आहे. मार्च २०१७ मध्ये आलेल्या या गाडीत एक लिटरचे तीन सिलिंडरचे बूस्टरजेट इंजिन, सुमारे १०२ अश्वशक्ती, मॅन्युअल गिअर. अबार्थइतकी ती चढेल नाही, पण बॉडीचे आणि सस्पेंशनचे काम कुठल्याही मारुतीवाल्याकडे होते. ती घेताना एक प्रश्न विसरू नये. ऑक्टोबर २०१६ ते नोव्हेंबर २०१९ दरम्यान बनलेल्या ७,२१३ बलेनो आरएस मारुतीने २०२३ मध्ये ब्रेकला साहाय्य करणाऱ्या व्हॅक्यूम पंपातल्या संभाव्य दोषासाठी परत बोलावल्या होत्या. समोरच्या गाडीचा तो पंप तपासला गेला का, हे चासीस नंबर देऊन सर्व्हिस सेंटरला विचारता येते. ब्रेकचा मामला आहे, मालकाच्या तोंडी आश्वासनावर सोडू नये.

टाटा आणि कोइमतूरच्या जयेम ऑटोमोटिव्ह्जने मिळून काढलेली टियागो जेटीपी २०१८ च्या अखेरीस ६.३९ लाखांना आली आणि २०२० मध्ये बंदही झाली. ११४ अश्वशक्ती इतक्या कमी पैशांत दुसरे कोणी देत नव्हते. गाड्या थोड्याच निघाल्या, त्यामुळे सापडणे हीच पहिली अडचण. ह्युंदाईची आय-२० एन लाइन सप्टेंबर २०२१ पासूनची. १२० अश्वशक्ती, आणि कंपनी जागेवर असल्याने सर्व्हिसची चिंता नाही. ज्याला डोकेदुखी नको आणि बजेट थोडे ताणता येते, त्याने सरळ तिच्याकडे जावे.

राहिली पोलो. या बाजारातली सर्वांत जास्त गुंतागुंत तिच्यातच आहे, कारण ‘पोलो जीटी’ या एकाच नावाखाली निरनिराळी यंत्रे विकली गेली. एप्रिल २०१३ मध्ये ७.९९ लाखांना आलेल्या जीटी टीएसआयमध्ये चार सिलिंडरचे १.२ लिटर टर्बो इंजिन होते. १०५ अश्वशक्ती, १७५ न्यूटन-मीटर आणि सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी, म्हणजे डबल क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्याच वर्षी आलेली जीटी टीडीआय आधी १.६ लिटर डिझेल होती, २०१४ पासून १.५ लिटर, दोन्हींना २५० न्यूटन-मीटर टॉर्क आणि पायाने दाबायचा क्लच. २०२० मध्ये बीएस-६ आल्यावर डिझेल संपले. १.२ च्या जागी तीन सिलिंडरचे १.० टीएसआय आले, ११० अश्वशक्तीचे. त्याच्यासोबत सहा गिअरचा मॅन्युअल किंवा सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक मिळे, डीएसजी नव्हता. पहिल्यांदाच जुनी पोलो घेणाऱ्याने ही २०२० नंतरची गाडीच पाहावी. दोन-अडीच लाख जास्त मोजावे लागले तरी झोप शांत लागते.

डिझेल घेणाऱ्यासाठी एक टीप. प्रदूषण चाचणीत फसवणूक करणाऱ्या सॉफ्टवेअरचे प्रकरण २०१५ मध्ये जगभर गाजले, तेव्हा भारतात फोक्सवॅगन समूहाने ३,२३,७०० डिझेल गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. नोव्हेंबर २०१५ पर्यंतच्या जीटी टीडीआय त्यात मोडतात. त्यांचे सॉफ्टवेअर बदलले का आणि केव्हा, याची नोंद सर्व्हिस इतिहासात असायला हवी.

आता डीएसजीबद्दल सविस्तर, कारण जीटी टीएसआय घेणारा फसला तर बहुधा इथेच फसतो. गाडी चालवताना हा गिअरबॉक्स अप्रतिम आहे. गिअर बदललेला कळतही नाही. पण क्लच कोरडे आहेत, तेलात बुडालेले नाहीत, आणि गिअर बदलण्याचे काम मेकाट्रॉनिक्स नावाचा विद्युत-हायड्रॉलिक ठोकळा करतो. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने याच जातीच्या गिअरबॉक्समधले सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल घालण्यासाठी जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. उष्ण आणि दमट हवेत, सतत थांबत-सरकत चालणाऱ्या रहदारीत या यंत्रणेवर ताण येतो. मुंबईचा लिंक रोड किंवा पुण्याचा हिंजवडी रस्ता म्हणजे नेमकी हीच परिस्थिती. मेकाट्रॉनिक्स बदलायची वेळ आली तर खर्च लाखाच्या पुढे जातो.

म्हणून डीएसजीची टेस्ट ड्राइव्ह पाच मिनिटांत उरकू नये. गाडी निदान अर्धा-पाऊण तास, आणि तीही गर्दीतून चालवावी. गिअरबॉक्स तापल्याशिवाय दुखणे बाहेर येत नाही. सपाट जागी डी मध्ये टाकून ब्रेकवरचा पाय अलगद उचलायचा, ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. गाडी एकसारखी सरकली पाहिजे. थरथरत, हिसके देत सरकली तर क्लच संपत आले आहेत किंवा त्यांची जुळणी बिघडली आहे. मग सोसायटीच्या पार्किंगचा उतार शोधावा आणि रिव्हर्समध्ये तो चढून पाहावा. दमलेले क्लच इथे हमखास वास सोडतात. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरला जाताना धक्का बसतो का, मीटरवरचे गिअरचे अक्षर मध्येच लुकलुकते का, याकडे लक्ष ठेवावे. मालक म्हणाला, ‘सगळ्याच डीएसजी अशाच असतात,’ तर त्याला नमस्कार करून परत यावे. सगळ्याच तशा नसतात.

गाडी पाहायला जाताना दोन अटी आधीच फोनवर सांगाव्यात: सकाळची वेळ, आणि आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवून इंजिन खरेच थंड आहे ना, हे पाहावे. मग एकाने चावी फिरवायची, दुसऱ्याने बोनेट उघडून कान द्यायचा. १.२ टीएसआयच्या जुन्या पिढीत टायमिंग चेन आहे, नंतरच्या पिढीत बेल्ट. आपली कुठली, ते चासीस नंबरावरून सर्व्हिस सेंटर सांगते. चेनवाले इंजिन थंड असताना सुरू होताच दोन-तीन सेकंद खडखडले तर चेन आणि टेन्शनरचे काम दारात उभे आहे. सायलेन्सरमागे उभे राहून धूर पाहावा: निळसर असेल तर इंजिन ऑइल जाळते आहे. तेलाच्या झाकणाखाली पांढरट साय, किंवा कूलंटच्या टाकीत मातकट पाणी दिसले तर पुढचे काही पाहण्याची गरज नाही.

नंतर स्कॅनर. चेकलाइट पेटलेला नाही याचा अर्थ बिघाड नाही असा नव्हे. साठवलेले कोड तासाभरापूर्वी पुसलेले असू शकतात. आपला मेकॅनिक कामाचा ठरतो तो इथे. इंजिन, गिअरबॉक्स, एबीएस असे एकेक युनिट उघडून तो आत नोंदवलेले किलोमीटर मीटरवरच्या आकड्याशी ताडून पाहू शकतो. मीटर मागे फिरवणारे बहुधा फक्त डॅशबोर्डचा आकडा बदलतात. टायरही बरेच बोलतात. बाजूवरच्या चार आकड्यांत बनल्याचा आठवडा आणि वर्ष असते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तीस हजार किलोमीटर चाललेल्या म्हणवणाऱ्या गाडीला दुसरा किंवा तिसरा सेट का, हे विचारावेच. आणि चार टायर चार कंपन्यांचे असतील, तर त्या मालकाने तेलातही कंजुषी केली असणार असे धरून चालावे.

या वर्गातल्या गाड्यांना एक खास व्याधी असते, ती म्हणजे रीमॅप. इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलून पंचवीस-तीस अश्वशक्ती वाढवणे, मोठा सायलेन्सर, उघडा एअर फिल्टर, बसकी स्प्रिंग. हौसेला मोल नसते हे खरे, पण मूळ क्लच आणि गिअरबॉक्स त्या जोरासाठी बनलेले नसतात, आणि विकण्यापूर्वी सगळे पूर्ववत करून ‘गाडी एकदम स्टॉक आहे’ असे सांगितले जाते. एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा तुटलेल्या, सायलेन्सरच्या जोडावर नवे वेल्डिंग, क्लॅम्पवरचे स्क्रू झिजलेले अशा खुणा मागे राहतात. कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या तपशिलांपासून दूर जाणारा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले आहे. अपघातानंतर विमा कंपनीने हेच कारण पुढे केले तर भांडायला जागा उरत नाही. कोणी कितीही कौतुक सांगो, रीमॅप केलेल्या गाडीचे जास्त पैसे देऊ नयेत. कमीच द्यावेत.

पुरात बुडालेली गाडी ओळखणे हे महाराष्ट्रातल्या खरेदीदाराचे स्वतंत्र काम आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली, जुलै २०२१ मध्ये चिपळूण, त्याआधी डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई. प्रत्येक पुरानंतर भिजलेल्या गाड्या पुसून-घासून लांबच्या शहरांत विकायला येतात. आतून शॅम्पू केलेली, सुगंधी गाडी दिसली की सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढावा. बाहेर राहणारा भाग स्वच्छ असतो, गुंडाळीत राहणाऱ्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ तशीच असते. सीटखालच्या रुळांवरचा गंज, स्टेपनीच्या खड्ड्यातली रेती, कार्पेट उचलल्यावर येणारा कुबट वास ही पुढची लक्षणे. इलेक्ट्रॉनिक्सने भरलेली टर्बो हॅचबॅक एकदा सीटपर्यंत बुडाली की ती फुकट मिळाली तरी महागच पडते.

कागदांत घाई नको. आरसी, विमा, पीयूसी, सर्व्हिसची बिले आणि कर्ज असेल तर बँकेची एनओसी व फॉर्म ३५ एवढे समोर आल्याशिवाय टोकन देऊ नये. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स वेगळा. दिल्लीकडच्या डिझेल गाड्या स्वस्त दिसतात, पण तिथल्या वयाच्या निर्बंधांमुळेच त्या बाहेर ढकलल्या जातात. टॅक्स आणि फेऱ्यांचा हिशेब केला की फरक फारसा उरत नाही. डीलरकडून घेत असाल तर त्याचे आरटीओचे अधिकारपत्र मागा. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला ते बंधनकारक आहे. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा असतो. आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्याचाच राहतो.

भाव ठरवताना एक ताजा संदर्भ उपयोगी पडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. जुन्याचा भाव त्याआधीच्या जाहिराती दाखवून कोणी सांगत असेल, तर हे शांतपणे निदर्शनास आणून द्यावे. आणि बजेट सात लाख असेल तर गाडी सहाच्या आत शोधावी. उरलेले पैसे पहिल्या वर्षासाठी बाजूला: सगळी तेले, ब्रेक पॅड, बॅटरी, सस्पेंशनचे बुश, आणि नोंद नसेल तर टायमिंग बेल्ट व वॉटर पंप. हे काम लगेच करून टाकणाऱ्याला पुढची तीन-चार वर्षे गाडी त्रास देत नाही. टाळणारा सहा महिन्यांत वैतागून ती पुन्हा जाहिरातीत टाकतो.

घेतल्यानंतर सांभाळायचे कसे? फोक्सवॅगनचे वेळापत्रक १५,००० किलोमीटर किंवा एक वर्षाचे आहे. टर्बो इंजिनाचे ऑइल दहा हजारांवरच बदलावे आणि कंपनीने नेमून दिलेल्या दर्जाचेच घालावे. एक्स्प्रेस-वेवर रेटून आल्यावर फूड मॉलमध्ये शिरताच चावी फिरवू नये. शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश घ्यावेत, म्हणजे टर्बो निवतो. डीएसजी असेल तर सिग्नलला पुढच्या गाडीला चिकटून इंच-इंच सरकू नये, जागा मोकळी होऊ द्यावी आणि मग एकदम पुढे जावे. चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर धरून ठेवण्याने क्लच जळतो, त्यासाठी ब्रेक आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि गाड्या त्याला पूरक साहित्याने बनू लागल्या त्या एप्रिल २०२३ पासून. जुन्या गाडीचे ॲव्हरेज थोडे पडणार हे गृहीत धरावे आणि इंधनाच्या रबरी नळ्या दर सर्व्हिसला पाहून घ्याव्यात.

व्यवहार पूर्ण झाला असे कधी म्हणायचे? चावी मिळाली तेव्हा नव्हे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आहे की सरकारी नोंदीत ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच, गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून फिरली असली तरी. त्यामुळे नाव लवकर बदलावे, ही विकणाऱ्याचीही गरज असते, आणि त्याचा फायदा घेणाऱ्याने करून घ्यावा. ठरलेल्या रकमेतला थोडा भाग लेखी करार करून मागे ठेवावा, आणि वाहन पोर्टलवर आरसीला आपले नाव दिसल्यावरच तो द्यावा.